संगणक बंद पडला त्या सकाळपासून : छोट्या संस्थेचं तंत्रज्ञान-नियोजन



आज मला तंत्रज्ञानावर बोलायला सांगितलंय, म्हणून आधीच कबूल करते: मी संगणकातली माणूस नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, राहते इंदूरला. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी आमची एक छोटी संस्था आहे. भाड्याची इमारत, एक व्हॅन, चौदा पगारी माणसं आणि साधारण एकशे चाळीस मुलं. घरात मराठी, कामावर हिंदी आणि सरकारी पोर्टलवर इंग्रजी, असा आमचा तीन भाषांचा संसार. बडोदा, हैदराबाद, बेळगाव, दिल्ली इथून जे ऐकताहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग माझ्यासारखीने या विषयावर का बोलावं? कारण संगणक जाणणाऱ्यांची भाषणं आम्ही भरपूर ऐकली होती, आणि ऐकून परत आल्यावर सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं हे कधी कळलं नव्हतं. आम्ही मार खाऊन शिकलो. तो मार तुम्ही खाऊ नये, एवढीच इच्छा.

गोष्ट २०१९ च्या जुलैमधली. एक आई आपल्या मुलाला घेऊन आली. मुलगा चौथ्या वर्षी आमच्याकडे आला होता, आता अठरा पूर्ण झाले होते. अठरा वर्षं पूर्ण झाली की कायद्याने आईवडील मुलाचे आपोआप पालक राहत नाहीत. आपल्या मुलांच्या बाबतीत १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. तिच्याकडचं जुनं झालं होतं, आणि नव्या तपासणीसाठी डॉक्टरांनी लहानपणापासूनच्या नोंदी मागितल्या होत्या. ती म्हणाली, "मॅडम, शुरू से सब काग़ज़ चाहिए."

मी मोठ्या विश्वासाने म्हटलं, बसा, पाच मिनिटांत देते. ऑफिसमध्ये गेले. संगणक चालू केला. आतून टिक-टिक असा आवाज येत राहिला आणि पडदा काळाच राहिला. हार्ड डिस्क गेली होती.

पहिला प्रश्न सगळ्यांनी एकच विचारला: बॅकअप आहे ना? आहे ना, म्हटलं! बाहेरून जोडायची एक डिस्क आम्ही घेतली होती, ती रोज रात्री आपोआप प्रत काढायची. डिस्क उघडून पाहिली तर शेवटची प्रत मे २०१८ ची. चौदा महिन्यांपूर्वी ती डिस्क भरली होती. पडद्याच्या कोपऱ्यात रोज तसा निरोप येत होता, आणि त्या खुर्चीवर जो बसेल तो फुलीवर क्लिक करून निरोप बंद करत होता. मीसुद्धा केला असेल. पाहायचं कोणी, हे कधी ठरलंच नव्हतं.

बिघडलेली डिस्क माहिती परत काढून देणाऱ्यांकडे नेली. अडतीस हजार रुपये गेले, दोन आठवडे गेले, आणि निम्म्या फायली परत मिळाल्या. व्हिडिओ जवळजवळ सगळे गेले, कारण जागा अपुरी म्हणून ते बॅकअपमधून सुरुवातीपासूनच वगळले होते.

हे व्हिडिओ म्हणजे काय ते सांगते. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाची प्रगती इतकी हळू असते की रोज पाहणाऱ्याला ती दिसतच नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी आम्ही त्याच्या चालण्याचं एक मिनिटाचं चित्रण करतो, समोरून आणि बाजूने. टाच टेकते का, गुडघा किती वाकतो, हे त्यात दिसतं. पायाची शस्त्रक्रिया करायची की थांबायचं हे ठरवताना अस्थिरोगतज्ज्ञ ते मागतात. सहा वर्षांची अशी चित्रणं गेली. ती पुन्हा काढता येत नाहीत. दहा वर्षांचं मूल पुन्हा चार वर्षांचं होत नाही.

तीन दिवसांनी ती आई परत आली. मी काय सांगावं याची जुळवाजुळव करत होते. तिने साडीच्या दुकानातली एक प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवली. वर्षातून एकदा आम्ही पालकांना एक पानी अहवाल देतो. ते सगळे अहवाल, चौदाच्या चौदा, वर्षांप्रमाणे लावलेले, त्यात होते. "मॅडम, ये काम आएगा क्या?"

नवरा गवंडी. एका खोलीत बिऱ्हाड, तेही तीनदा बदललेलं. तिने जे सांभाळलं ते चौदा माणसांच्या, रजिस्ट्रेशन असलेल्या, दरवर्षी ऑडिट होणाऱ्या आमच्या संस्थेला सांभाळता आलं नव्हतं. त्या दिवशी मला फार लाज वाटली. पुढे जे काही केलं त्याची सुरुवात त्या लाजेतून झाली.

आता पुढचं. अशा वेळी संस्थेत काय होतं हे तुम्हाला माहीतच आहे. बैठक बसली. एक विश्वस्त म्हणाले, नवा संगणक घ्या, चांगल्यातला. दुसरे म्हणाले, सगळं क्लाउडवर टाका. तिसऱ्यांचा भाचा ॲप बनवून द्यायला तयार होता. म्हणजे दुखणं काय हे कोणी तपासलं नव्हतं, आणि औषधं तीन आली होती. मी फिजिओथेरपिस्ट आहे. तपासणी न करता व्यायाम सांगितला तर मला झोप लागणार नाही. पण संगणकाच्या बाबतीत आम्ही वर्षानुवर्षं तेच करत आलो होतो.

एका शाळेचे संगणक सांभाळणारी एक इंजिनिअर मुलगी ओळखीतून आली. तिची दोघांचीच छोटी कंपनी. तिचं पहिलं वाक्य होतं, "ताई, आत्ता काहीही विकत घेऊ नका." मला ती तिथेच पटली. तिने एक आठवडा मागितला आणि त्या आठवड्यात फक्त यादी केली. तिच्या यादीने आमचे डोळे उघडले.

आमच्याकडे अकरा संगणक होते. पाच विंडोज सेव्हनवर चालत होते, आणि त्याला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी दुरुस्ती १४ जानेवारी २०२० ला थांबणार होती, म्हणजे अवघ्या पाच महिन्यांनी. यात काय बिघडतं, चालतोय ना, असं आमच्या खजिनदार काकांनी विचारलं. तेव्हा तिने २०१७ च्या मे महिन्यातलं वॉनाक्रायचं उदाहरण दिलं. त्या व्हायरसने दीडशेहून जास्त देशांतल्या संगणकांवरच्या फायली कुलूपबंद केल्या आणि खंडणी मागितली. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी दोन महिन्यांत ती लावून घेतली नाही, ते सापडले. काकांनी पुन्हा विचारलं नाही.

यादीत पुढे: संस्थेच्या वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, आमच्या मालकीचं नव्हतंच. एका स्वयंसेवक मुलाने ते स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं आणि तो नोकरीसाठी बेंगळुरूला गेला होता. बिचारा दरवर्षी स्वतःच्या कार्डावरून पैसे भरत होता. त्याचं कार्ड बदललं असतं तर आमचं नाव गेलं असतं. आयकर खात्याच्या पोर्टलवर जो मोबाइल नोंदला होता तो आधीच्या खजिनदारांचा, आणि ते संस्था सोडून दोन वर्षं झाली होती. सगळे पासवर्ड आमच्या अकाउंटंटच्या डायरीत. डायरी तिच्या पर्समध्ये. पर्स रोज सिटी बसमध्ये.

आणि शेवटची नोंद: मुलांचे फोटो आणि व्हिडिओ नऊ कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या फोनमध्ये, व्हॉट्सॲपच्या चार ग्रुपांमध्ये. आम्ही कोणी वाईट हेतूने ते ठेवलेले नव्हते. पण आपल्या मुलाचं चित्रण कोणाकोणाच्या फोनमध्ये आहे, हे एकाही आईला आम्ही सांगू शकलो नसतो.

यादीनंतर तिने आम्हाला चार प्रश्न विचारले. तुमची संस्था कुठलीही असो, वाचनालय असो, वृद्धाश्रम असो, महाराष्ट्र मंडळ असो, हे चार प्रश्न लिहून घ्या. एक, काय बंद पडलं तर उद्या सकाळी काम थांबेल? दोन, ते किती वेळ बंद राहिलं तर चालेल? तीन, किती दिवसांची माहिती गेली तर सोसेल? चार, त्यावर लक्ष ठेवणं कोणाच्या नावावर आहे?

हे प्रश्न संगणकाचे नाहीतच, कामाचे आहेत. त्यामुळे आमच्या व्हॅनच्या ड्रायव्हरनेही उत्तरं दिली. व्हॅनचं वेळापत्रक एक तास मिळालं नाही तर वीस मुलं रस्त्यावर उभी. उपचारांच्या नोंदी अर्धा दिवस नसल्या तरी चालेल, पण गेलेल्या एकही चालणार नाहीत. हिशेब दोन दिवस बंद राहिला तर चालेल, पण पगाराच्या दिवशी तासभरही नाही. वेबसाइट आठवडाभर बंद राहिली तरी कोणाचं काही अडणार नाही. गंमत म्हणजे तोवर बैठकांमध्ये सगळ्यात जास्त चर्चा आम्ही वेबसाइटच्या रंगावर केली होती.

या उत्तरांवरून क्रम लागला आणि तीन वर्षांची योजना एका पानावर मावली. पहिले तीन महिने प्रती आणि किल्ल्या. मग वर्षअखेरपर्यंत जुने संगणक. दुसऱ्या वर्षी नोंदींची पद्धत. तिसऱ्या वर्षी जे नवं हवं ते. प्रत्येक ओळीपुढे खर्च, महिना आणि एका माणसाचं नाव. ज्या ओळीपुढे नाव नाही ती ओळ योजनेत नाही, असा नियम केला.

प्रतींचा नियम सोपा आहे: तीन, दोन, एक. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक इमारतीबाहेर. आमची एक प्रत कामाच्या संगणकावर, एक डिस्कवर, जी काम झालं की काढून कपाटात जाते, आणि एक इंटरनेटवर. इथे एक चूक बरेच जण करतात. गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी फोल्डर आपोआप सारखं होत राहतं म्हणून लोक त्यालाच बॅकअप समजतात. पण इकडे फाईल पुसली की तिकडेही पुसली जाते. व्हायरसने खराब केली की खराब झालेलीच फाईल वर जाते. काही दिवस जुनी आवृत्ती मिळते, पण किती दिवस हे आधी पाहून ठेवा. आणि बॅकअप आहे की नाही हे तो परत आणून पाहिल्याशिवाय कळत नाही. दर तीन महिन्यांनी आम्ही कुठलीही एक जुनी फाईल निवडतो आणि ती प्रतीतून परत मिळवून उघडून पाहतो. पंधरा मिनिटं लागतात. त्या चौदा महिन्यांत हे एकदा जरी केलं असतं तर मी आज इथे बोलत नसते.

किल्ल्यांचं काय केलं? डोमेन संस्थेच्या नावावर घेतलं. बेंगळुरूच्या त्या मुलाने एका फोनवर सगळं करून दिलं, उलट त्यालाच सुटल्यासारखं वाटलं. संस्थेच्या नावाचं एक सिमकार्ड घेतलं, साध्या फोनमध्ये घातलं, आणि सगळ्या सरकारी पोर्टलांचे ओटीपी त्यावर वळवले. तो फोन ऑफिसच्या कपाटात असतो. त्याच्या रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहिलेली असते, कारण रिचार्ज विसरलं की नंबर जातो. ही हजार-बाराशे रुपयांची सोय पुढे फार कामी आली. २०२१ मध्ये सगळ्या धर्मादाय संस्थांना आयकराची नोंदणी पोर्टलवर नव्याने करावी लागली. २०२२ पासून प्रत्येक देणगीदाराचं विवरण फॉर्म १० बीडीमध्ये ३१ मेपर्यंत भरणं आलं, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. आमच्या ओळखीच्या दोन संस्था तेव्हा जुन्या पदाधिकाऱ्यांच्या मागे ओटीपीसाठी फिरत होत्या. आम्ही कपाट उघडलं.

आता पैशाचं बोलू, कारण खरी अडचण तिथेच असते. त्या मुलीच्या कंपनीने महिन्याला नऊ हजार सांगितले. वर्षाचे एक लाख आठ हजार. आमचे एक विश्वस्त, मनाने फार चांगले, म्हणाले, "एवढ्यात अर्धवेळ स्पीच थेरपिस्ट येईल. मुलांच्या तोंडचं काढून मशीनला घालायचं?" बैठकीत शांतता झाली. खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं.

मग आम्ही एक आठवडा मोजलं. जुनी फाईल शोधणं, तीच माहिती दुसऱ्या नमुन्यात पुन्हा लिहिणं, प्रिंटर चालत नाही म्हणून थांबणं, यात प्रत्येकाचा रोज साधारण अर्धा तास जात होता. चौदा माणसं, अर्धा अर्धा तास, झाले सात तास. म्हणजे एका माणसाचा पूर्ण दिवस, रोज. अर्धवेळ नव्हे, पूर्णवेळ एक माणूस आमच्याकडे होता आणि तो फक्त फायली शोधत होता. हा आकडा त्याच विश्वस्तांनी मोजला, आणि ठरावाला सूचक म्हणून त्यांनीच सही केली.

तुम्ही म्हणाल, फुकट मिळतं की. मिळतं, आणि जरूर घ्या. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना ईमेल आणि ऑफिसची साधनं मोफत किंवा खूप सवलतीत देतात. नोंदणीची कागदपत्रं पाठवून पडताळणी झाली की झालं. गावोगाव जाऊन नोंदी घ्यायच्या असतील तर कोबोटूलबॉक्स आहे. फोनवर इंटरनेटशिवाय फॉर्म भरता येतो आणि जाळ्यात आल्यावर तो वर जातो. पण फुकट ते पौष्टिक असं दर वेळी होत नाही. स्वयंसेवकही देवमाणसं असतात, पण त्यांची परीक्षा येते, लग्न ठरतं, बदली होते. त्यांच्यावर रागावताही येत नाही. म्हणून आम्ही वाटणी केली. एकदाच करायचं काम, प्रशिक्षण किंवा पोस्टर, ते स्वयंसेवकांकडे. रोज चालू राहायलाच हवं ते पैसे देऊन.

आणि पैसे देतो म्हणून करार करायचा. आमचा दीड पानाचा आहे. काम थांबलं असेल तर चार तासांत माणूस, नाहीतर दोन दिवसांत. दर महिन्याला एका पानाचा अहवाल, आम्हाला कळेल अशा भाषेत. सगळे मुख्य पासवर्ड संस्थेच्या ताब्यात, त्यांची एक प्रत बंद पाकिटात विश्वस्तांकडे. करार संपला तर पंधरा दिवसांत सगळं समजावून द्यायचं. हे शेवटचं कलम तिनेच सुचवलं. म्हणाली, "ताई, मी नसले तरी तुमचं चाललं पाहिजे." बाहेरचा मदतनीस चांगला की नाही हे ओळखायची मला तेव्हापासून हीच खूण वाटते. स्वतःवाचून तुमचं अडावं असं जो पाहतो, त्याच्यापासून लांब राहा.

नोंदींकडे वळल्यावर एक वेगळाच घोटाळा निघाला. आमच्या दहा वर्षांच्या हिंदी नोंदी कृतिदेव फॉन्टमध्ये होत्या. महाराष्ट्रात तुमच्याकडे श्रीलिपीत असतील, दुखणं तेच. या जुन्या फॉन्टांत पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत संगणकाने साठवलेली असतात रोमन अक्षरं. कृतिदेवमध्ये 'कमल' लिहिलं की आत डी, ई, वाय एवढंच असतं. कमल नावाची मुलगी शोधायला गेलात तर संगणकाच्या मते अशी कोणी नाहीच. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली तर पानभर निरर्थक अक्षरं. युनिकोडमध्ये बदलून घेतल्यावरच नोंदी खऱ्या अर्थाने शोधता यायला लागल्या. बदलून देणारी साधनं मोफत मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार चुकतात, म्हणून प्रत्येक नाव माणसाने तपासावं लागलं. कॉलेजच्या आठ मुलामुलींनी उन्हाळ्याच्या सुट्टीत ते केलं. स्वयंसेवकांचं काम म्हणजे नेमकं हे.

याच सुमारास एका कंपनीच्या सामाजिक निधीतून आम्हाला ॲपसाठी पैसे देऊ केले. मोठी रक्कम होती. आम्ही नाही म्हटलं. आधी कळस मग पाया, हे आम्हाला नको होतं. त्याऐवजी नोंदी नीट करण्याचा आणि दोन वर्षांच्या देखभालीचा खर्च मागितला. ते म्हणाले, प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे. हे अनेकांना ऐकवलं जातं म्हणून सांगते. २०२१ च्या नियमांतली ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सामान्य प्रशासकीय खर्चावर आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांवर थेट होणारा खर्च त्यात धरत नाहीत. आम्ही प्रत्येक रुपया मुलांच्या उपचाराच्या नोंदीशी जोडून लिहिला. अर्ध्याहून जास्त मंजूर झाला. उरलेला नाही झाला, तेही खरं.

पण सगळ्यात अवघड होतं माणसांचं मन. आमच्या सर्वांत जुन्या थेरपिस्ट ताई टॅबलेटला हात लावेनात. सगळ्यांना वाटलं, त्यांना जमत नाही. एकदा चहा घेताना त्या म्हणाल्या, "मी दिवसाला किती मुलं पाहते हे मोजायला आणलंय ना ते?" त्यांची भीती अगदी रास्त होती. आम्ही हे कशासाठी करतोय हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मग फॉर्म त्यांच्याच हाती दिला: काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. आधी त्यात बासष्ट रकाने होते. त्यांनी एकेका रकान्याला विचारलं, हे पुढे कोण वाचतं? उत्तर नसेल तो रकाना खोडला. एकोणीस उरले. आज टॅबलेट हातात घेऊन नव्या मुलींना शिकवतात त्या त्याच.

या सगळ्याची परीक्षा लवकरच झाली. २५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली. केंद्र बंद. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचा व्यायाम थांबला की स्नायू आखडतात. तीन महिन्यांत वर्षाची कमाई जाते. त्या वेळी आमच्या तीन वर्षांच्या योजनेतले जेमतेम सहा-सात महिने झाले होते. पण पहिलं काम प्रती आणि किल्ल्या हे होतं, आणि ते झालेलं होतं. चालू नोंदी थेरपिस्टना घरून दिसत होत्या. कोणत्या मुलाला कोणता व्यायाम, आईचा नंबर काय, हे समोर होतं. चौथ्या दिवसापासून फोन सुरू झाले. ज्यांच्याकडे स्मार्टफोन होता त्यांना व्हिडिओ कॉल, ज्यांच्याकडे नव्हता त्यांना साध्या फोनवर, "डावा पाय धरा, हळू, दहा मोजा." सगळी मुलं नाही सावरली. अकरा कुटुंबं गावी निघून गेली आणि त्यांचा पत्ता लागला नाही. पण जुलै २०१९ मधल्या संस्थेवर ती वेळ आली असती तर एकशे चाळीस नावं आम्ही आठवणीतून लिहीत बसलो असतो.

एक गोष्ट अजून. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालच्या मुलांची, तसंच कायदेशीर पालक असलेल्या दिव्यांग व्यक्तींची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, असं त्यात म्हटलंय. आमच्या कामात तर हे दोन्ही येतात. पण कायद्याच्या आधीच आम्ही फोनमधले व्हिडिओ काढून एका जागी आणले होते, आणि संमतीचा कागद हिंदीत, मोठ्या अक्षरांत, वाचून दाखवून घ्यायला लागलो होतो. दोन आयांनी फोटोला नाही म्हटलं. त्यांना तोवर कोणी विचारलंच नव्हतं.

चुका अजूनही होतात. मागच्या वर्षी एका कर्मचाऱ्याने बँकेच्या नावाने आलेली लिंक उघडली. पण त्याने लपवलं नाही, दहा मिनिटांत फोन केला, पासवर्ड बदलले आणि निभावलं. ऑनलाइन पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करायचा, हा आकडा आता आमच्या प्रत्येक टेबलावर चिकटवलेला आहे. जो सांगेल त्याला ओरडायचं नाही, हा योजनेतला न लिहिलेला नियम आहे.

शेवटी पुन्हा त्या पिशवीकडे येते. योजनेची शेवटची ओळ आम्ही तिच्यामुळे लिहिली. दर एप्रिलमध्ये प्रत्येक कुटुंबाला मुलाची पूर्ण नोंद मिळते: कागदावर, एका जाड प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, आणि ज्यांना हवं त्यांना पेनड्राइव्हवर, व्हिडिओसकट. तीन प्रतींच्या आमच्या नियमात ही चौथी प्रत आहे. आम्ही ती बॅकअप म्हणून देत नाही, ती त्यांचीच आहे म्हणून देतो. उद्या आमची संस्था राहिली नाही, तरी मुलाचा इतिहास त्याच्या आईकडे राहील.

त्या आईला पालकत्वाचं पत्र त्याच वर्षी मिळालं, तिने सांभाळलेल्या कागदांवर. मध्ये एकदा ती मुलाला घेऊन आली होती. मी तिला नवं फोल्डर दिलं. तिने ते उघडून पानं मोजली, आणि जुन्याच पिशवीत नीट सरकवून ठेवलं.

तुमच्या संस्थेत परत गेलात की एवढंच करा. एखादी पाच वर्षांपूर्वीची फाईल मागा, आणि ती सापडायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहा. पुढचं नियोजन तिथूनच सुरू होईल.